उलट छापलेली गढी

१

बायको गेल्यावर माणसाचं काहीतरी अडायला हवं. मॅलकी हेहिरचं काहीच अडलं नाही. सकाळी उठावं, चुलीतली राख काढावी, टर्फच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदली मातीच्या, चार ढेपा आत सरकवून किटली चढवावी, कोंबड्या सोडाव्यात आणि मग वर जाऊन रक्तदाबाची गोळी घ्यावी. दफनाच्या दुसऱ्या दिवशीही हे सगळं याच क्रमाने झालं. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हतं. मुंग्या येऊन पाय बधिर होतो तसा तो सगळाच्या सगळा बधिर झाला होता, एवढंच.

गोळ्यांचं कपाट वरच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीत. कपाट कसलं, जुन्या खिडकीचा कोनाडा. खिडकी बाहेरून विटा लावून कधीच बुजवलेली. आतल्या खोबणीत दोन फळ्या आणि दार म्हणून बिजागऱ्यांवर बसवलेलं एक जुनं चित्र, चौकटीसकट, काचेसकट. चित्र बॅलीफार्नाच्या गढीचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं. फुटक्या भिंती, त्यांवर चढलेला वेल, आभाळात कावळे, पायथ्याशी कोणाच्या तरी दोन गाई.

त्या चित्राची गावात थट्टा होती. खरी गढी मॅलकीच्या गोठ्यापलीकडच्या माळावरच उभी, त्यामुळे शेंबडं पोरही चित्रातली चूक दाखवू शके. कोरणारा डब्लिनचा. तो इकडे कधी फिरकलाच नाही. कोणीतरी काढून नेलेलं रेखाटन समोर ठेवून त्याने ते जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं आणि छापताना डाव्याचं उजवं होतं हेच विसरला. खऱ्या गढीत दारातून शिरलं की जिन्याचा बुरूज डाव्या हाताला. चित्रात तो उजवीकडे गेला. पुढे मोठ्या वादळात खरा बुरूज कोसळला, पायऱ्यांचे दगड लोकांनी कुंपणांना नेले. आता तो जिना जगात कुठे उरला असेल तर त्या कागदावर, आणि तोही चुकीच्या बाजूला.

त्या सकाळी काचेवर धुकं धरलं होतं. मॅलकीने बाहीने पुसलं, ते जाईना. नखाने खरवडून पाहिलं तेव्हा कळलं की ओल काचेच्या आतल्या अंगाला आहे. भिंत गळतेय, असं तो स्वतःशी म्हणाला, गोळी घेतली आणि खाली आला.

२

ती खिडकी मॅलकीनेच बुजवली होती. वारा येतो म्हणून, असं तो सांगे. खरं कारण नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं.

लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, नोनीला मुलगा झाला, तो श्वास न घेताच. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला त्या काळी चर्चच्या मातीत जागा नसे. अशी बाळं गढीत पुरायची. पुरायची बापाने, एकट्याने, दिवस मावळताना. आई अंथरुणात असायची. तिने जायचं नाही, विचारायचं नाही. बॅलीफार्नाच्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी असं जाऊन आलेलं होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. नोनीने मात्र विचारलं.

"कुठे ठेवलास त्याला?"

"झालं ते झालं, नोनी. झोप आता."

मग ती खिडकीत उभी राहू लागली. चुलीवर दूध उतू चाललंय आणि ही वर, गढीकडे बघत. मॅलकीला ते बघवेना. थंडीच्या आधी त्याने विटा आणल्या आणि काम उरकून टाकलं. पुढे जमीनदाराच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, तिथून नोनी हे चित्र बगलेत मारून घरी आली.

"हे त्या भोकाला दार म्हणून बसव," ती म्हणाली. "एक खिडकी तू घेतलीस, एक मी आणली."

"अगं, पण उलटं छापलंय हे."

"असू दे. तू तरी कुठे सरळ आहेस?"

तेव्हापासून त्या दाराला घरात खिडकीच म्हणत. 'मॅलकी, खिडकी उघड, माझी गोळी दे,' हे रोजचं होऊन बसलं. दुसरं मूल काही झालं नाही. कुठे ठेवलास त्याला, हा प्रश्न मात्र नोनी अधूनमधून विचारायची. भांडताना नाही, सहज, बटाटे सोलता सोलता. चाळीसेक वर्षांत मॅलकीने उत्तर दिलं ते एकदाच. गेल्या हिवाळ्यात तो तापाने फणफणला होता आणि ती कपाळावर ओला फडका ठेवत होती. "दारातून आत गेलं की उजव्या हाताला," एवढं बोलून त्याने कूस बदलली. नोनी कितीतरी वेळ फडका तसाच धरून बसली होती. तोवर तिचा खुबा मोडला होता, काठीशिवाय अंगणही ओलांडता येत नव्हतं, मग माळ कुठला.

३

आवाज पहिल्यांदा ऐकला तो भर दुपारी. मॅलकी पलंगावर बसून नोनीचे स्वेटर घड्या घालून पिशवीत भरत होता. चर्चमध्ये गरिबांसाठी द्यायचे होते.

ठक. पाऊल. पाऊल. थोडी उसंत. ठक.

दगडावर काठी टेकल्याचा आवाज. वर चढत होता आणि चढता चढता वळत होता, गोल जिन्यावर वळतो तसा. मध्येच थांबायचा. थांबल्यावर श्वास टाकल्यासारखं काहीतरी, आणि पुन्हा ठक. मॅलकीच्या घराचा जिना लाकडी होता आणि सरळ होता.

तो उठला, कडी काढून चित्र उघडलं. आवाज बंद. दोन फळ्या, त्याच्या गोळ्या, नोनीच्या उरलेल्या गोळ्या, मागे विटा. विटांना कान लावला, काही नाही. तिच्या औषधाच्या डबीवर मात्र हिरवं शेवाळ चिकटलं होतं, बोटाच्या पेराएवढं, ताजं. त्याने ते उचलून हुंगलं. चुना, पाऊस आणि कावळ्यांची शीट, असा वास आला. चित्र लावून घेतल्यावर आवाज पुन्हा सुरू झाला, आता उतरतीचा.

घाबरायला हवं होतं. मॅलकी वाट बघत उभा राहिला, पण भीती काही आली नाही. नळ असेल, असं त्याने ठरवलं. छपराखालची पाण्याची टाकी असेल. मग खाली जाऊन तो बाहेरून भिंत बघून आला. नळ त्या बाजूला नव्हताच आणि टाकी स्वयंपाकघरावर होती, हे त्याला आधीही माहीत होतं.

"मॅलकी, आहेस का मेलास?" शेजारचा मार्टी टॉरपी नेहमीप्रमाणे फाटकातूनच ओरडला आणि जीभ चावून तिथेच थांबला. "अरे देवा. सवयीने गेलं तोंडातून. माफ कर हं."

"मेलो असतो तर तू आधी माझं गवत कापून नेलं असतंस. ये, वर ये जरा. भिंतीत ओल आहे, बघ."

मार्टी गवंडीकाम जाणत होता. त्याने काच पाहिली, कोनाड्यात हात घातला, खाली जाऊन बाहेरच्या विटा चाचपल्या आणि टोपी मागे सरकवत परत आला. "बाहेरून खडखडीत कोरडं आहे. ही ओल आली कुठून?"

तेवढ्यात ठक झालं. मग पाऊल. मार्टीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"उंदीर," तो म्हणाला.

"काठी घेऊन चालणारा?"

मार्टीने टोपी नीट बसवली. चित्राकडे न बघता तो दारापर्यंत गेला. "माझी गाय आज विणार आहे," तो म्हणाला. "बघायला हवं." त्याच्या गाईला अजून वेळ होता, हे मॅलकीला ठाऊक होतं.

४

नोनीला जाऊन महिना होत आला, तिच्यासाठी चर्चमध्ये करायची महिन्याची मिस्सा-प्रार्थना जवळ आली, तशी तिची बहीण डेलिया मनुका घातलेला पाव घेऊन आली. किती माणसं येतील, सँडविचला हॅम किती लागेल, कप कोणाकडून आणायचे, हे सगळं बोलून झालं. मग तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि पुन्हा घातले.

"तुला एक सांगायचंय. मिस्सेच्या आधी सांगितलेलं बरं."

"सांग की."

"ती गेली तेव्हा मी तुला म्हटलं, मॅलकी, खिडकी उघड."

"हो. आणि मी उघडली."

जीव गेला की खोलीची खिडकी उघडायची, म्हणजे आत्म्याला वाट मिळते. थोड्या वेळाने बंद करायची, म्हणजे तो परत वळत नाही. बॅलीफार्नात हे कोणी कोणाला शिकवत नाही.

"पलंगाच्या उशाला पडदा आहे," डेलिया म्हणाली. "पडद्यामागे खिडकी आहे. मी तिच्याकडे हात केला होता. तू सरळ चालत गेलास आणि ते गोळ्यांचं कपाट उघडलंस."

मॅलकीला तो क्षण आठवला. खिडकी उघड, असं कोणीतरी म्हणालं आणि हात रोजच्यासारखा कडीकडे गेला होता. त्याने तर गोळीही काढली होती. मग ती कोणाला द्यायची हे न कळून परत ठेवली होती.

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं," डेलिया म्हणाली. "मी, मार्टी, फादर. पण बोलणार कोण? बायकोच्या मढ्याशेजारी उभ्या माणसाला, अरे बाबा चुकलास, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, जाऊ दे, देवाला कळतं. आणि मग तू ते बंद केलंस, मॅलकी. नीट दाबून कडी लावलीस."

"लावायचीच असते."

"हो रे. लावायचीच असते."

मॅलकीने उठून उकळणारी किटली खाली उतरवली.

"रोज उघडतो मी ते दार," मॅलकी म्हणाला. "यायचं असतं तर आली असती ना बाहेर?"

डेलियाने जपमाळ बोटांना गुंडाळली. तिचा चेहरा नोनीसारखा नव्हता, पण हनुवटी अगदी तीच. "यायचं नसेल तिला," ती म्हणाली. "नोनी माझी बहीण. एखादी गोष्ट हवी असली की ती मिळेपर्यंत ती घरी येत नसे, लहानपणापासून. काय शोधते आहे ते तुला माहीत असेल, मला नको सांगूस."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅलकी माळावर गेला. इतक्या वर्षांत गुरांच्या मागे कुंपणापर्यंत तो शेकडो वेळा आला होता, पण त्या एका संध्याकाळनंतर गढीच्या दारातून आत पाऊल टाकलं नव्हतं. आत खाजरं तण माजलं होतं, वर उघडं आभाळ आणि कावळ्यांचा कलकलाट. उजव्या हाताच्या कोपऱ्यात गवतातून पांढऱ्या गारगोट्या दिसत होत्या. बऱ्याच होत्या. कोणीही नाव घालत नसे, फक्त एक पांढरा दगड ठेवत असे. आपला कुठला हे ओळखता येणार नाही असं त्याला वाटलं होतं. ओळखता आला तो.

तो टोपी काढून उभा राहिला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. गार वारा होता तोही अंगाला लागत नव्हता. आपण आता असेच राहणार, दगडासारखे, असं त्याला वाटलं आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

परत फिरताना नजर डाव्या बाजूला गेली. तिथे पडक्या बुरुजाचं जोतं होतं, जिना होता तिथे नुसता खड्डा. त्या खड्ड्याकडे बघता बघता मॅलकीला कपाटावरचं चित्र आठवलं.

चित्रातला जिना उजवीकडे होता.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला, असं त्याने सांगितलं होतं. त्या जागेबद्दल चाळीस वर्षांत सांगितलेली एकच गोष्ट. ती तशीच गेली असणार, आत शिरून उजवीकडे वळली असणार, आणि तिथे जिना. म्हणून ती चढत होती. मोडक्या खुब्याने, काठी टेकत, वर जाऊन काही नाही म्हणून खाली, खाली काही नाही म्हणून पुन्हा वर. महिनाभर.

घरी तो कसा पोचला ते त्याला आठवेना. वर गेला तेव्हा ती चढत होती. काच आतून पाण्याने निथळत होती, चित्र दिसतच नव्हतं.

"नोनी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "तिकडे नाही. उलटं आहे ते, नोनी. तूच आणलंस ना, उलटं आहे ते. डाव्या हाताला जा."

ठक झालं. मग काहीच नाही.

"डाव्या हाताला. कोपऱ्यात. लोण्याची लाकडी पेटी होती, तिच्यात ठेवलं त्याला. पाऊस होता. फार खोल खणता आलं नाही मला, खाली खडक लागला. तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगताच येईना, नोनी."

पावलं उतरू लागली. भराभर उतरली आणि उतरताना काठीचा आवाज नव्हता. दगडावरून मातीवर गेली. पलीकडे, लांब गेली. मग उकरल्यासारखा आवाज येऊ लागला. कुदळीचा नाही, फावड्याचा नाही. मॅलकी पलंगावर बसून ऐकत राहिला. खाली बटाट्यांचं पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला, तरी उठला नाही.

मग आवाज थांबला. काच वरून खाली हळूहळू निवळली आणि गढी दिसू लागली; वेल, कावळे, दोन गाई, जशी होती तशी. मॅलकीने निरखून पाहिलं. कुठे काही हललं नव्हतं. मुंग्या आलेल्या पायात रक्त परत फिरताना टोचतं, तसं त्याला छातीत टोचू लागलं. बरं वाटत नव्हतं, पण काहीतरी वाटत होतं. सापडला असेल, असं तो मोठ्याने म्हणाला. आता ती जाईल, असंही म्हणाला. कडी त्याने मुद्दामच लावली नाही.

६

महिन्याच्या मिस्सेनंतर सगळे घरी आले. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. डेलिया सगळ्यांना चहा ओतत होती, फादर तिसऱ्यांदा नको म्हणत पावाचा तुकडा घेत होते, आणि मार्टी आपल्या गाईला अखेर कालवड झाली हे ज्याला त्याला सांगत होता. मॅलकी त्यांच्यात उभा राहून चक्क एकदा हसला. डेलियाने ते पाहिलं आणि डोळे पुसले.

मार्टीच्या मुलाशी लग्न ठरलेली मुलगी, ऊना, लिमरिकहून आली होती. बॅलीफार्नात ती पहिल्यांदाच येत होती, कोणालाच ओळखत नव्हती. काहीतरी काम द्या म्हणाली, म्हणून डेलियाने तिला पाहुण्यांचे कोट वरच्या खोलीत पलंगावर टाकायला पाठवलं. थोड्या वेळाने ती कोटांचा तोच ढीग हातात घेऊन खाली मॅलकीपाशी आली.

"काका, हे दुसरीकडे कुठे ठेवू?" ती हळू आवाजात म्हणाली. "पलंगावर आजी बसल्यात, बाळाला घेऊन. मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहा म्हणाल्या. नुकतंच झोपलं असेल."

त्या घरात त्या दिवशी कोणीही बाळ आणलं नव्हतं. डेलियाच्या हातातली किटली कपाबाहेर सांडत राहिली. मार्टीने टोपी शोधायला सुरुवात केली. मॅलकीने ऊनाच्या हातातले कोट घेतले, खुर्चीवर ठेवले, आणि जिना चढू लागला.

दार लोटलेलं होतं. फटीतून त्याला पलंगाचा कोपरा दिसला आणि पाठमोरा खांदा. केस सुटलेले, ओले. गादीवर टेकलेल्या हाताची नखं काळ्या मातीने भरली होती आणि काही नखं नव्हतीच. मांडीवर एक गाठोडं होतं, पिठाच्या गोणीच्या कापडात गुंडाळलेलं. ते कापड मॅलकीच्या ओळखीचं होतं.

"आलास?" तिने वळून पाहिलं नाही. आवाज तोच, बटाटे सोलतानाचा. "आत ये. दार लाव, गार लागतंय त्याला."

त्याने आत जाऊन दार लावलं. ती गाठोडं हलकेच थोपटत होती. पलंगासमोर चित्राचं दार सताड उघडं होतं आणि त्यात विटा नव्हत्या. काय होतं तिकडे मॅलकीने पाहिलं नाही. त्याला समोरच्या कापडावरून नजर हलवता येत नव्हती.

त्या संध्याकाळी सुईणीने गाठोडं हातात दिलं तेव्हा ती म्हणाली होती, बघू नकोस, बघितलंस तर नेववणार नाही. त्याने पाहिलं नव्हतं. माळ ओलांडताना, पेटीत ठेवताना, माती ओढताना, एकदाही नाही. घरी आल्यावर नोनीला म्हणाला होता, तुझ्यासारखाच होता.

"बस ना," नोनी म्हणाली. "घाबरतोस कशाला? पोटचा आहे तुझ्या."

तो तिच्याशेजारी बसला. गादी तिच्या बाजूने दबली नव्हती. गारठा त्याच्या मांडीला लागला, मग हातांना, मग तोंडाला. महिन्याभराचा सगळा गारठा एकदम आला आणि मॅलकीचे दात वाजू लागले. खालून डेलिया त्याचं नाव घेऊन हाका मारत होती, एकदा, दोनदा, मग जिन्याच्या पायथ्याशी येऊन.

नोनीने गाठोडं त्याच्या हातात दिलं. त्याला वजन होतं. कापडाचं टोक मात्र तिने उचललं नाही, ती नुसती बघत राहिली, आणि ते टोक आतूनच सरकू लागलं.

या खेपेला मॅलकीने तोंड फिरवलं नाही.